मुलांना आजीकडे ठेवून दोघांनीच दोन रात्री बाहेर: तयारीचा योग्य क्रम

ठाण्या-नवी मुंबईतली बहुतेक जोडपी अशी सहल उलट्या टोकाकडून ठरवतात. आधी हॉटेल, मग तिकिटं, मग ऑफिसात सुट्टीचा अर्ज, आणि निघायच्या आठवड्यात आईला फोन: "अगं, शनिवार-रविवार मुलांकडे बघशील ना?" आई नाही म्हणत नाही. पण तिचे गुडघे, बाबांची डोळ्यांची तपासणी, थोरलीची शनिवारची शाळा, धाकट्याचं रात्री दोनदा उठणं, यांचा हिशेब कुणीच मांडलेला नसतो. मग नव्या शहरात पोहोचल्यावर दर तासाला फोन वाजतो. "ते निळं औषध कुठलं?" "व्हॅनवाला आला नाही." "हा जेवतच नाहीये." दोघं एकमेकांसोबत असतात, पण लक्ष घरी.

खालचा क्रम साधारण ३ ते १२ वर्षांची मुलं असलेल्या आणि शुक्रवार ते रविवार बाहेर जाणाऱ्या जोडप्यासाठी आहे. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, त्यातही रात्री अंगावर पीत असेल, तर एकाच रात्रीपासून सुरुवात करा. ठिकाणही असं निवडा की गरज पडली तर दोन तासांत घरी येता येईल.

## १. आधी सांभाळणारं माणूस, मग बाकी सगळं

निघायच्या सहा ते आठ आठवडे आधी हा टप्पा पूर्ण व्हायला हवा. तोवर एकही रुपया कुठे भरू नका.

विचारताना "बघशील का" असं मोघम विचारू नका. पूर्ण चित्र सांगा: शुक्रवारी दुपारी बारापासून रविवारी रात्री नऊपर्यंत, दोन मुलं, शनिवारी शाळा अर्धा दिवस, रविवारी सकाळी पोहण्याचा क्लास. हे ऐकल्यावर समोरच्या माणसाला खरं उत्तर देता येतं. "शनिवारचं जमेल, पण रविवारी आमच्याकडे बारसं आहे" हे उत्तर आत्ता कळलं तर बरं. तिकिटं काढल्यावर कळलं तर तेच संकट होतं.

मुलं आजीकडे जावीत की आजीनं इकडे यावं? माझं स्पष्ट मत: शाळा चालू असेल तर आजी-आजोबांनी तुमच्या घरी यावं. मुलांचं अंथरूण, व्हॅनचा थांबा, खालचे मित्र, सगळं जागच्या जागी राहतं. शाळेला सुट्टी असेल आणि आजोळ डोंबिवली, कल्याण, नाशिकसारखं जवळ असेल तर मुलांना तिकडे सोडलेलं उत्तम. मात्र तिकडे गॅलरीला जाळी आहे का, आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मुलांच्या हाताला लागतील अशा तर नाहीत ना, हे स्वतः जाऊन बघा.

साठीपुढच्या माणसावर दोन मुलांचा पूर्ण भार टाकू नका. मावशी, आत्या किंवा काका शनिवारी दुपारी तीन-चार तास येऊन गेले तरी आजीला पाठ टेकता येते. स्वयंपाकाच्या ताई त्या दोन दिवशी नक्की येणार आहेत का, हेही आत्ताच विचारा. सहलीच्या शनिवारीच त्यांची सुट्टी निघाली तर आजीचा अख्खा दिवस ओट्यापाशी जातो.

इथे थांबा: मुख्य माणूस ऐन वेळी आजारी पडलं तर दुसरं कोण? एक नाव तुमच्याकडे हवं, आणि त्या माणसाला ते माहीत हवं. असं नाव नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## २. एका रात्रीची रंगीत तालीम

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्यामुळेच होतो. मुलं आजीकडे दिवसभर राहिलेली असतात, पण रात्र वेगळी असते. झोपताना कुणाचा हात धरायचा, दिवा चालू हवा की बंद, पहाटे शू लागली तर कुणाला हाक मारायची, हे प्रश्न दिवसा पडतच नाहीत.

म्हणून सहलीच्या निदान तीन आठवडे आधी एक रात्र दोघांनी घराबाहेर काढा. मित्राकडे जा, बहिणीकडे जा, फार लांब नको. त्या रात्री आजीनं तुम्हाला जे जे विचारलं ते सगळं लिहून ठेवा. पुढे सहाव्या टप्प्यातला कागद याच प्रश्नांमधून तयार होतो.

मूल रडलं म्हणजे तालीम फसली असं समजू नका. रडून आजीजवळ झोपलं असेल तर ती जमली. मूल तासन् तास शांतच झालं नाही, किंवा आजीलाच धाप लागली, तर मात्र सहल दोन महिने पुढे न्या आणि मधे अशा आणखी एक-दोन रात्री जाऊ द्या.

## ३. तारीख

तारीख निवडताना शाळेची डायरी, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि पंचांग असलेलं कॅलेंडर, तिन्ही समोर ठेवा. घटक चाचणीच्या आदला शनिवार-रविवार नको. सणाचा आठवडा नको, कारण आजीलाही तिचं घर असतं. जोडून आलेली सुट्टी शक्यतो टाळा: तिकिटं मिळत नाहीत, हॉटेल महाग पडतं आणि शुक्रवारी संध्याकाळी घोडबंदर रोड, माजिवडा, शीळफाटा यांपैकी कुठे किती वेळ जाईल सांगता येत नाही.

## ४. शहर कोणतं?

नवं शहर म्हणजे दोघांसाठी नवं. एकानं तिथे चार वर्षं कॉलेज काढलेलं असेल तर दुसऱ्याला दोन दिवस त्याच्या आठवणींच्या मागे चालावं लागतं.

दोन रात्रींच्या सहलीला माझी एक कसोटी आहे. दारापासून दारापर्यंतचा प्रवास एका बाजूनं सहा-सात तासांच्या आत हवा. त्याहून लांब असेल तर विमान, नाहीतर तिसरी रात्र. आणि घरी काही झालं तर त्याच दिवशी परतायचा मार्ग हवा.

या कसोटीत बसणारी तीन शहरं घेऊ.

छत्रपती संभाजीनगर. ठाणेकरांना सर्वांत सोयीचं. मुंबई–नांदेड वंदे भारत दुपारी सीएसएमटीहून निघते, ठाण्याला थांबते आणि संध्याकाळी संभाजीनगरला पोहोचवते. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा पुरते. गाडीनं जायचं असेल तर समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमणेपासून सुरू होतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. मात्र समृद्धीवर चढण्याआधी टायरची हवा आणि झीज दोन्ही तपासा. सलग वेगात टायर तापतात आणि जुना टायर तिथेच दगा देतो. दर दीड-दोन तासांनी थांबून उतरा, एकानं चालवून थकण्यापेक्षा आलटून पालटून चालवा.

अहमदाबाद. वंदे भारत बोरिवलीला थांबते, पण ठाण्याहून बोरिवली गाठणं हीच खरी परीक्षा आहे. गायमुख घाटातल्या कोंडीचा अंदाज घेऊन निघा. गाडी सकाळची असेल तर आदल्या रात्री बोरिवलीकडे कुणा नातेवाइकांकडे मुक्काम करणं शहाणपणाचं. जुन्या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या पोळांमधून, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांमधून, सकाळी चालत फिरणं हाच मुख्य कार्यक्रम ठेवा. कॅलिको वस्त्रसंग्रहालयाला आधी नाव नोंदवावं लागतं आणि ते बुधवारी बंद असतं. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, हे ज्यांना लागू त्यांनी ध्यानात ठेवावं.

हैदराबाद. विमानानंच. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून ते शनिवारवर ठेवा. गोवळकोंडा किल्ला सकाळी लवकर, उन्हाच्या आत.

वारंवार होणारी चूक: बंद दिवस न बघणं. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. शनिवार-रविवारी दोन्ही उघडी असतात, पण कुणी सोमवारची रजा जोडून "अजिंठा शेवटच्या दिवशी" ठेवलं की फाटकापासून परत यावं लागतं.

## ५. तिकीट आणि मुक्काम

आता पैसे भरायला हरकत नाही. आधी परतीचं तिकीट बघा, मग जायचं. जायची गाडी मिळते, पण रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येणाऱ्या गाड्या आधी भरतात.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवस आधी उघडतं. पहिल्या टप्प्यात दिलेली सहा-आठ आठवड्यांची मुदत यासाठीच आहे. सांभाळणाऱ्याचा होकार आणि आरक्षण उघडणं एकाच सुमाराला यायला हवं. तात्काळवर विसंबू नका. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीला सकाळी १० वाजता आणि बिगर-एसीला ११ वाजता. त्यासाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं आणि कन्फर्म तात्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. मुलं घरी असताना सहल ऐन वेळी रद्द होण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं.

वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. "होऊन जाईल कन्फर्म" या भरवशावर आजीला गावाहून बोलावू नका.

तपासा, चढण्याचं ठिकाण: तिकीट सीएसएमटीपासूनचं असेल आणि तुम्ही ठाण्याला चढणार असाल तर बुकिंग करतानाच बोर्डिंग ठाणे निवडा. तसं न केल्यास टीसी तुम्ही आला नाहीत असं समजून जागा दुसऱ्याला देऊ शकतो. लांब पल्ल्याची गाडी ठाण्याला दोन-तीन मिनिटंच थांबते, म्हणून डबा कुठे येतो ते फलाटावर आधीच विचारून उभे राहा.

तपासा, विमानतळ: नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. स्वस्त तिकीट दिसलं की ते कुठल्या विमानतळाचं आहे ते वाचा. जाताना एक आणि येताना दुसरा, असंही तिकीट निघतं. नेरूळ, बेलापूर, पनवेलच्या लोकांना नवी मुंबई सोयीचं. कासारवडवलीहून निघणाऱ्यांनी दोन्हीकडचा रस्ता आणि वेळ मांडून बघावी. मुंबईचं असेल तर टर्मिनल १ की २, हेही तिकिटावर बघून ठेवा.

तपासा, नाव: आपल्याकडे हे फार होतं. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आणि तिकीट तिसऱ्याच रूपात. विमानाच्या तिकिटावरचं नाव तुम्ही जे ओळखपत्र दाखवणार त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. हॉटेलातही दोघांची ओळखपत्रं मागतात. एकाच्या मोबाइलमध्ये दोघांची असून चालत नाही, प्रत्येकाजवळ आपलं असू द्या.

हॉटेल निवडताना शहराचा नकाशा उघडा आणि शनिवारी रात्री जेवून चालत परत येता येईल अशी जागा शोधा. संभाजीनगरात स्टेशनजवळ राहिलात तर गाडी गाठायला सोपं. सिडकोतल्या कॅनॉट परिसरात राहिलात तर संध्याकाळी फिरायला, खायला आजूबाजूला भरपूर आहे. बुकिंग ॲपवर झालं तरी हॉटेलला एकदा फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: चेक-इन किती वाजता, खोली रस्त्याच्या बाजूला आहे का, आणि त्या दिवशी हॉलमध्ये लग्न-रिसेप्शन आहे का. दोघं झोपायला आसुसलेले असताना खाली डीजे वाजत असेल तर सगळ्या खर्चावर पाणी पडतं.

## ६. घरचा कागद

सांभाळणाऱ्यासाठी एक कागद. व्हॉट्सॲपवरचे सतरा मेसेज नकोत. कागद फ्रिजवर लावलेला, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा. दोन पानांपुढे जाऊ देऊ नका.

आता हा कागद कुणी लिहायचा? बहुतेक घरांत तो आईच लिहिते, कारण सगळं तिच्या डोक्यात असतं. माझा आग्रह आहे की घरातल्या दोघांपैकी ज्याला मुलांचं रोजचं कमी माहीत आहे त्यानं लिहावा आणि दुसऱ्यानं तपासावा. लिहिणाऱ्याला जिथे अडतं तिथे आजीलाही अडणार असतं. शिवाय सहलीच्या तयारीचा सगळा भार एकाच माणसावर पडला तर ते माणूस गाडीत बसतं तेव्हाच दमलेलं असतं.

कागदावर हे हवंच:

- दोन्ही दिवसांची वेळ, तासाप्रमाणे नव्हे तर घटनेप्रमाणे: उठणं, शाळा, जेवण, झोप, खेळ, जेवण, झोप.
- काय खातात आणि काय बिलकुल चालत नाही. ॲलर्जी असेल तर लाल पेननं सगळ्यात वर.
- शाळेच्या व्हॅनचा नंबर, मुलाला आणायला जाणाऱ्याचं शाळेनं दिलेलं कार्ड कुठे ठेवलंय, आणि वर्गशिक्षिकेला आधी कळवलं आहे का.
- नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर, रविवारी ते नसतील तर जवळचं चोवीस तास उघडं रुग्णालय, आणि तिथे रिक्षानं कसं जायचं.
- ११२ आणि १०८. पहिला आपत्कालीन मदतीचा, दुसरा महाराष्ट्रातल्या रुग्णवाहिकेचा.
- एकाच मजल्यावरच्या किंवा त्याच इमारतीतल्या एका भरवशाच्या घराचा नंबर.

कागदासोबत एक पाकीट ठेवा. त्यात आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत, मुलांच्या आधारची प्रत आणि सुटे पैसे. आजी यूपीआय वापरत असली तरी रोख ठेवाच. रात्री औषध आणायला शेजारच्या मुलाला पाठवायचं झालं तर हातात नोट लागते.

औषधांबद्दल नीट वाचा. तापाचं पॅरासिटामॉल घरात दोन रूपांत असतं: लहान बाळाचे ड्रॉप्स आणि मोठ्या मुलाचं सिरप. ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरमागे औषधाचं प्रमाण सिरपपेक्षा बरंच जास्त असतं. सिरपच्या मापानं ड्रॉप्स दिले तर डोस काही पटींनी वाढतो. सिरपमध्येही कमी-जास्त ताकदीच्या बाटल्या येतात. म्हणून घरातल्या सगळ्या जुन्या बाटल्या काढून टाका, प्रत्येक मुलासाठी एकच बाटली ठेवा, तिच्यावर मुलाचं नाव चिकटवा आणि डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं माप व दोन डोसांमधलं अंतर डॉक्टरांनाच विचारून त्यावर लिहा. मापाचा कप त्याच बाटलीचा असू द्या, चमच्यावर नको. शेजारी ओआरएसची दोन पाकिटं आणि चालू असलेला थर्मामीटर.

निघायच्या दोन दिवस आधी सांभाळणाऱ्याला घरात फिरवा: गॅसचा मुख्य कॉक, गीझरचं बटण, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, जास्तीची किल्ली. गेटवरच्या सुरक्षारक्षकांना सांगा, सोसायटीच्या ॲपमध्ये आजी-आजोबांची नोंद करा. महापालिकेची पाणी बंदची सूचना त्या दिवसांत आहे का ते बघा. आजीला दोन मुलं आणि कोरडा नळ एकदम सांभाळायला लावू नका.

तपासा: आजीच्या हाती कागद द्या आणि विचारा, "शनिवारी दुपारी ताप आला तर काय करशील?" तिनं कागदावर बघून उत्तर दिलं तर कागद झाला. तुम्हाला फोन करेन म्हणाली तर काहीतरी राहिलंय.

## ७. मुलांना कधी आणि कसं सांगायचं

सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना आठवडाभर आधी सांगा. त्याहून लहानांना दोन दिवस आधी, कारण त्यांना "पुढच्या शुक्रवारी" म्हणजे काय ते कळत नाही, नुसती हुरहुर लागते. भिंतीवर तीन चौकोन काढा: आई-बाबा जातात, आजीबरोबरचा दिवस, आई-बाबा येतात. रात्री झोपताना एकेक रंगवायचा.

"आम्हाला ऑफिसचं काम आहे" असं खोटं सांगू नका. आई-बाबा दोघं फिरायला जाणार आहेत आणि रविवारी रात्री येणार आहेत, एवढं खरं मुलांना पेलतं. पुढच्या महिन्यात खोटं उघडं पडलं तर ते जास्त लागतं.

सर्वांत मोठी चूक: मूल झोपलेलं किंवा खेळात असताना गुपचूप निघून जाणं. त्या क्षणी रडणं टळतं, पण नंतर आई स्वयंपाकघरात गेली तरी मूल मागे येतं. दारात उभं राहून, नाव घेऊन, "रविवारी येतो" म्हणून निघा. मूल रडेल. आजी कडेवर घेईल. तुम्ही परत आत येऊ नका. दोनदा निरोप घेतला की रडणं दुप्पट होतं.

## ८. निघायचा दिवस

सामान दोघांत एकच बॅग. घरातून निघण्याची वेळ ठरवताना गाडीच्या वेळेतून उलटं मोजत या, आणि नौपाडा, तीन हात नाका किंवा वाशीच्या टोलनाक्याच्या गर्दीसाठी जास्तीचा अर्धा तास धरा. निघण्याआधीच्या तासात नवं काम काढायचं नाही: ना कपाट आवरणं, ना ऑफिसचा "शेवटचा" मेल. गॅस, नळ, गीझर बघणं आजीच्या हाती सोपवा. तिला घर दाखवून झालं आहे.

## ९. तिथे पोहोचल्यावर

पहिल्या संध्याकाळी काहीही बघायला जायचं नाही. खोलीत जा, अंघोळ करा, जवळच जेवा. अनेक जोडपी शुक्रवारी रात्रीच बाजार, बीबी का मकबरा, सगळं उरकायला निघतात आणि शनिवारी सकाळी दहाला उठतात. तोवर वेरूळचा सकाळचा गारवा गेलेला असतो.

फोनचा नियम घरी असतानाच ठरवून ठेवा. दिवसातून दोन ठरलेले कॉल, एक सकाळी नाश्त्यानंतर आणि एक संध्याकाळी खेळ संपल्यावर. लहान मुलांना झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल करू नका. दिवसभर रमलेलं मूल त्या वेळी आईचा चेहरा बघून हमखास रडतं आणि आजीची पुढची तासाभराची मेहनत वाया जाते. दोघांपैकी एकाच्या फोनवर "डू नॉट डिस्टर्ब" लावा आणि त्यात फक्त आजी, दुसरं नाव ठरलेलं माणूस आणि शाळा यांचेच कॉल वाजतील असं करा. दुसऱ्याचा फोन बॅगेत. आजीलाही सांगा: तातडीचं असेल तर फोन, नाहीतर मेसेज, उत्तर दोन तासांत येईल.

आता कार्यक्रम. शनिवारसाठी दोघांनी एकेक गोष्ट निवडायची, दुसऱ्यानं ती न कुरकुरता करायची. एवढंच. बाकीचा वेळ मोकळा. समजा संभाजीनगरला आहात आणि एकानं वेरूळ निवडलं. शहरापासून ते साधारण ३० किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघा आणि कैलास, म्हणजे सोळावी लेणी, आधी बघा, कारण दहानंतर तिथे गर्दी वाढते. एकूण ३४ लेणी आहेत आणि सगळी बघायचा हट्ट नको. कैलासभोवती वरच्या कड्यावरून चालत फेरी मारा, माथ्यापासून खाली खोदत नेलेलं काम तिथून कळतं. त्यानंतर दहावी आणि जैन समूहातली बत्तिसावी बघून परत फिरा. दौलताबाद किल्ला याच रस्त्यावर आहे, पण तो चढणं स्वतंत्र अर्ध्या दिवसाचं काम आहे. वेरूळ झाल्यावर भर उन्हात तो चढायला जाऊ नका, विशेषतः मार्च ते मे या काळात.

अजिंठा शहरापासून साधारण १०० किलोमीटरवर आहे. अजिंठा-वेरूळ एकाच दिवशी उरकणं म्हणजे दिवस गाडीत घालवणं. दोन रात्रींत एकच निवडा. अजिंठा निवडलात तर आपली गाडी फाट्यावर ठेवून पुढे एसटीच्या बसनं जावं लागतं, ती वेळ धरून चाला. चित्रांवर फ्लॅश मारू नका.

शनिवारची दुपार झोपेसाठी राखून ठेवा. मुलं झाल्यापासून दोघांची दुपारची सलग झोप झालेली नसते, आणि ती मिळाली की संध्याकाळी बोलायला माणूस जागं असतं. संध्याकाळी दुसऱ्यानं निवडलेली गोष्ट: कुणाला हिमरू (तिथलं खास विणलेलं कापड) आणि पैठणीच्या दुकानांत रमायचं असेल, कुणाला नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खायचा असेल. शाकाहारी असाल तर गुलमंडीच्या बाजूला फिरत खा.

मुलांबद्दल बोलायचं नाही असा नियम करू नका, तो पाळला जात नाही. पण फीचे हप्ते, सासूबाईंनी केलेला उल्लेख, पुढच्या वर्षीची शाळाबदली, हे विषय रविवारी गाडीत बसेपर्यंत बाजूला ठेवता येतात. बोलायला काही सुचत नसेल तर घाबरू नका. वर्षानुवर्षं कामाचंच बोलणं झालं असेल तर पहिले काही तास गप्प जातात. चालत राहा, काहीतरी बघत राहा. शब्द आपोआप येतात.

घरून वाईट बातमी आली तर: साधा ताप, पडून खरचटणं यासाठी लगेच परत निघू नका. आजीला डॉक्टरांना फोन करू द्या. मूल पाणीही ठेवत नसेल, सुस्त पडलं असेल, श्वास जोरात चालत असेल, फिट आली असेल, तर आजीनं तुमची वाट न बघता रुग्णालयात न्यावं आणि तुम्ही पहिल्या गाडीनं निघावं. हे आधी ठरलेलं असलं की त्या क्षणी दोघांत वाद होत नाही.

## १०. परत येताना

रविवारी मुलं जागी असताना घरी पोहोचा, किंवा सरळ ती झोपल्यावर. अर्धवट झोपेत आई-बाबा दिसले की सगळं घर मध्यरात्रीपर्यंत जागं राहतं. संभाजीनगरहून तपोवन एक्स्प्रेस दुपारी निघते आणि रात्री मुंबईकडे पोहोचते, त्यामुळे रविवारची सकाळ मकबऱ्यासाठी हातात राहते. तिकीट काढताना त्या वेळचं वेळापत्रक मात्र बघून घ्या. सोमवारी पहाटे उतरून थेट ऑफिस गाठायचा बेत नको.

मुलांना महागडं खेळणं आणू नका, पुढच्या वेळी तुमच्या जाण्यापेक्षा खेळण्याचीच वाट बघितली जाते. एखादा छोटा खाऊ पुरे. आजीसाठी मात्र विचार करून काहीतरी आणा आणि त्या रात्री तिला परत धाडायची घाई करू नका. सोमवारी सकाळी मुलं शाळेत गेल्यावर तिला शांतपणे चहा द्या, काय काय झालं ते विचारा. "काही नाही, छान राहिली" या पहिल्या उत्तरावर थांबू नका. कुठे अडलं, काय सापडलं नाही, कोण रात्री उठलं, हे दुसऱ्या कपाला कळतं. फ्रिजवरचा तोच कागद काढून त्यावर या गोष्टी पेननं लिहा, तारीख टाका आणि विम्याच्या फायलीत ठेवून द्या.